काच नसलेली पारदर्शकता

आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक संगणक आहे. तो प्रक्षेपकाला जोडून आम्ही वर्गात आलेख आणि चित्रे दाखवतो. गेल्या वर्षी बारावीच्या एका विद्यार्थ्याने या संगणकावरील फायरफॉक्स ब्राउझर मोठ्या हौसेने सजवला. खिडकीच्या माथ्यावर पावसाळी डोंगराचे छायाचित्र बसवले. त्यात डावीकडे पांढरेशुभ्र ढग होते आणि उजवीकडे काळाकभिन्न कडा. चित्र झाकले जाऊ नये म्हणून त्यावरच्या पट्ट्या त्याने ‘पारदर्शक’ केल्या. खुर्चीवर बसून जवळून पाहिले की ते खरोखरच देखणे दिसे.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी प्रक्षेपक सुरू केला आणि म्हणालो, “वरच्या पट्टीवर मी पाच संकेतस्थळांच्या खुणा करून ठेवल्या आहेत. त्यांतील चौथ्या खुणेचे नाव वहीत लिहून घ्या.” तिसऱ्या बाकावर जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक मुलगी बसते. ती म्हणाली, “सर, मला तर दोनच दिसताहेत.” मी मागे जाऊन पाहिले. मलाही दोनच दिसत होत्या. ढगांवरची नावे स्पष्ट होती. कड्यावरची नावे कड्यात बुडाली होती.

तास संपल्यावर तो विद्यार्थी खाली मान घालून माझ्याकडे आला आणि त्याने विचारले, “सर, काच जरा जास्तच पातळ झाली का?”

मित्रांनो, हा प्रश्न फार चांगला आहे. कारण त्याचे उत्तर शोधू लागलो की प्रथम हेच कळते, की तेथे काच नव्हतीच!

थीम म्हणजे काय?

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पाने उघडून दाखवणारा कार्यक्रम. त्याच्या खिडकीचे दोन भाग पाडता येतात. खालच्या मोठ्या भागात आपण उघडलेले पान दिसते. वरच्या भागात टॅब, पत्ता लिहिण्याची जागा, मागे-पुढे जाण्याची बटणे आणि खुणा केलेल्या स्थळांची पट्टी असते. या वरच्या भागाचे रंग व चित्र बदलण्याची जी सोय असते, तिला थीम म्हणतात. २०१० साली आलेल्या फायरफॉक्सच्या ३.६ या आवृत्तीत अशी हलकीफुलकी चित्ररूप सजावट ब्राउझरच्या अंगातच दिलेली होती.

थीम ही काही अवघड वस्तू नाही. एक चित्र आणि एक छोटी मजकुराची फाइल एवढाच तिचा संसार. त्या फाइलमध्ये भागांची नावे आणि त्यांच्यापुढे रंग लिहिलेले असतात: चौकटीचा रंग अमुक, टूलबारचा तमुक, अक्षरांचा काळा. आता रंग लिहायचा कसा? तर संख्यांनी. लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण ० ते २५५ यांमधील तीन संख्यांनी सांगतात. (०, ०, ०) म्हणजे काळा, (२५५, २५५, २५५) म्हणजे पांढरा आणि (२५५, ०, ०) म्हणजे लाल.

आमच्या विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये टूलबारच्या पुढे मात्र तीनऐवजी चार संख्या होत्या: २५५, २५५, २५५ आणि ०.३. ही चौथी संख्या हाच आपल्या आजच्या पाठाचा विषय. तिला अल्फा म्हणतात.

पडद्यावरील बिंदू

अल्फाकडे वळण्यापूर्वी पडदा कशाचा बनलेला आहे ते पाहू. मोबाइलचा पडदा उजळ करून त्यावर पांढरे पान उघडा. बोट पाण्यात बुडवून मोहरीएवढा एकच थेंब पडद्यावर ठेवा. थेंब बहिर्वक्र भिंगासारखे काम करतो आणि त्याच्याखाली लाल, हिरवे, निळे ठिपके दिसू लागतात. (पाहून झाल्यावर थेंब लगेच पुसून टाका.) अशा तीन ठिपक्यांचा गट म्हणजे एक चित्रबिंदू, अर्थात पिक्सेल.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. एका पिक्सेलला एका वेळी एकच रंग दाखवता येतो. त्याच्या ‘मागे’ दुसरा पिक्सेल नसतो. मग पट्टीच्या आरपार डोंगर दिसतो, तो येतो कुठून?

उत्तर असे, की तेथे आरपार काहीच जात नाही. वरच्या पट्टीचा रंग कोणता आणि खालच्या चित्राचा रंग कोणता, हे संगणकाला ठाऊक असते. तो या दोहोंमधला एक तिसरा रंग हिशेबाने काढतो आणि तेवढाच पिक्सेलला देतो. आपल्या डोळ्याला मात्र काचेतून पाहिल्याचा भास होतो.

अल्फाचे गणित

हा हिशेब म्हणजे तुम्हाला परिचित असलेली भारित सरासरी होय. वरच्या थराची संख्या ‘व’, खालच्या थराची ‘ख’ आणि अल्फा ‘अ’ मानू. मग पडद्यावर दिसणारी संख्या ‘द’ अशी मिळते:

द = अ × व + (१ − अ) × ख

अ = १ असेल तर द = व, म्हणजे थर पूर्ण अपारदर्शक. अ = ० असेल तर द = ख, म्हणजे थर नसल्यासारखाच. या दोहोंमध्ये सगळ्या अर्धपारदर्शक छटा येतात. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही संख्यांसाठी हे सूत्र वेगवेगळे वापरायचे.

आपल्या पट्टीचा हिशेब करू. वरचा थर पांढरा, म्हणून व = २५५; अ = ०.३. ढगाखाली ख = २५५ धरला तर द = ७६.५ + १७८.५ = २५५. ढगावर पट्टी पांढरीच राहिली. कड्याखाली ख = ० धरला तर द = ७६.५ + ० = ७६.५, म्हणजे सुमारे ७७. ही झाली गडद राखाडी. पट्टी एकच, थीमच्या फाइलमधला रंगही एकच. पण एका टोकाला ती पांढरी आणि दुसऱ्या टोकाला गडद राखाडी. दोन्हीकडे अक्षरे मात्र काळीच!

या सूत्राकडे पाहण्याची आणखी एक सोपी रीत आहे. थराला काच न समजता पातळ पांढऱ्या कापडाची जाळी समजा. जाळीच्या दोऱ्यांनी १०० पैकी ३० भाग जागा व्यापली आहे आणि उरलेल्या ७० भाग छिद्रांतून मागचे दृश्य दिसते आहे. लांबून दोरे आणि छिद्रे वेगळी दिसत नाहीत, त्यांची सरासरी दिसते. अल्फा म्हणजे दोऱ्यांनी व्यापलेला भाग.

काच आणि अल्फा

खऱ्या रंगीत काचेचे वागणे याहून अगदी वेगळे असते. काच पाहणाऱ्याकडे स्वतःचा रंग पाठवत नाही. मागून आलेल्या प्रकाशातील काही रंग शोषून घेते आणि उरलेले पुढे जाऊ देते. हा फरक तुम्हाला घरीच पडताळता येईल.

आकाशकंदिलासाठी आणलेला लाल जिलेटिनचा कागद घ्या आणि त्यातून गडद निळ्या वस्तूकडे पाहा. वस्तू जवळजवळ काळी दिसेल. कारण निळ्या वस्तूकडून मुख्यतः निळा प्रकाश येतो आणि लाल कागद तो अडवतो. आता संगणकावर निळ्या (०, ०, २५५) रंगावर लाल (२५५, ०, ०) थर अ = ०.५ घेऊन ठेवा. सूत्राने (१२८, ०, १२८) मिळते, म्हणजे चक्क जांभळा! काचेला असा जांभळा रंग कधीच देता आला नसता.

दुसरा फरक क्रमाचा. लाल आणि हिरवा असे दोन जिलेटिनचे कागद एकावर एक धरून खिडकीकडे पाहा. कोणता पुढे आणि कोणता मागे याने काहीच बिघडत नाही. पडद्यावर मात्र बिघडते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर आधी हिरवा आणि त्यावर लाल असे अ = ०.५ चे दोन थर दिले तर सुमारे (१९१, १२८, ६४) हा नारिंगीकडे झुकणारा तपकिरी रंग येतो. क्रम उलटा केला तर (१२८, १९१, ६४) असा पोपटी. जो वर, त्याचा जोर अधिक.

एका बाबतीत मात्र दोघांचे जमते. अ = ०.५ चे दोन थर एकावर एक ठेवले तर खालच्या चित्राचा ०.५ × ०.५ = ०.२५ एवढाच वाटा उरतो. तीन थरांनंतर ०.१२५. निम्मा प्रकाश शोषणाऱ्या काचांच्या तावदानांची गोष्टही हीच असते. म्हणून एकावर एक पारदर्शक पट्ट्या रचत गेलो की चित्र झपाट्याने पुसट होते.

अल्फा आला कोठून?

ही कल्पना ब्राउझरवाल्यांची नव्हे. १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि आल्व्ही रे स्मिथ हे संगणकावर चित्रपटाची चित्रे तयार करण्याचे काम करीत होते. एक चित्र दुसऱ्यावर बसवायचे असे, तेव्हा कडा करवतीसारख्या दातेरी दिसत. प्रत्येक पिक्सेलबरोबर लाल, हिरवा आणि निळा यांच्या जोडीला ‘हा पिक्सेल कितपत झाकलेला आहे’ हे सांगणारी चौथी संख्याही साठवावी, ही युक्ती त्यांनी काढली. दोन किमतींमधली किंमत काढण्याच्या सूत्रात अल्फा हे ग्रीक अक्षर वापरतात. त्यावरून या संख्येला ते नाव मिळाले. पुढे १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी थरांच्या मिश्रणाचे सारे नियम एका शोधनिबंधात व्यवस्थित मांडले. या चौघांना या कामाबद्दल १९९६ साली ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तुमच्या टॅबच्या पट्टीमागे चित्रपटाचे गणित आहे ते असे.

पूर्ण खिडकीच पारदर्शक असेल तर?

आतापर्यंत पट्टी आणि तिच्याखालचे चित्र ही दोन्ही ब्राउझरच्याच मालकीची होती. पण कधी कधी ब्राउझरच्या खिडकीतून मागची दुसरी खिडकीही दिसते. ब्राउझरला दुसऱ्याच्या खिडकीत काय आहे हे कसे कळणार? त्याला ते कळत नाही. हे काम संगणकाची कार्यप्रणाली करते.

जुन्या पद्धतीत सगळ्या खिडक्या एकाच पाटीवर लिहिल्या जात. वरची खिडकी आली की खालचे अक्षर पुसले जाई. पुसलेले आरपार दिसणार कसे? नव्या पद्धतीत प्रत्येक खिडकीचे चित्र स्मृतीत स्वतंत्र ठेवतात, जणू प्रत्येकीला वेगळा ट्रेसिंग कागद. मग सारे कागद क्रमाने रचून अल्फाच्या सूत्राने अंतिम चित्र काढतात. ॲपलच्या मॅक ओएस टेन या प्रणालीने २००१ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये ही पद्धत घरोघरच्या संगणकांवर आणली.

हे काम किती मोठे आहे याचा अंदाज घ्या. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकी तीन संख्या, म्हणजे ६२,२०,८०० सरासऱ्या. पडदा सेकंदाला ६० वेळा नवा काढायचा झाला तर ३७,३२,४८,००० सरासऱ्या, आणि त्याही फक्त एका थरासाठी! एकाच तऱ्हेची असंख्य छोटी गणिते एकदम करणारा चित्रसंस्कारक संगणकात असतो, म्हणूनच हे शक्य होते.

व्हिस्टाच्या खिडक्यांची चौकट नुसती पारदर्शक नव्हती. मागचे दृश्य तिच्यातून धूसर दिसे. ही धूसरताही एक सरासरीच. प्रत्येक पिक्सेलला त्याच्या शेजाऱ्यांची सरासरी किंमत द्यायची, की बारीक रेघा विरघळतात आणि मोठे रंग तेवढे उरतात. मागच्या बारीक रेघा वरच्या अक्षरांशी भांडत नाहीत, हा तिचा फायदा. तरीही हा प्रश्न संपलेला नाही. २०२५ मध्ये ॲपलने आपल्या फोनवर ‘लिक्विड ग्लास’ नावाचे काचेसारखे रूप आणले, तेव्हा अक्षरे वाचताना त्रास होतो अशी तक्रार झाली आणि त्याच वर्षी काच अधिक दाट करण्याची सोय द्यावी लागली. मोठमोठ्या अभियंत्यांना जी अडचण आली, तीच आमच्या विद्यार्थ्याला आली होती.

निम्मी संख्या, पण निम्मा प्रकाश नव्हे

आता पदार्थविज्ञानातील एक गंमत. पिक्सेलला २५५ ऐवजी १२८ ही संख्या दिली तर प्रकाश निम्मा होईल, असे तुम्हाला वाटेल. तसे होत नाही. तो सुमारे २१ टक्केच असतो!

याचे कारण आपल्या डोळ्यात आहे. अंधाऱ्या छटांमधला लहानसा फरक डोळ्याला चटकन कळतो. उजळ छटांमधला तेवढाच फरक कळत नाही. म्हणून उपलब्ध २५६ पायऱ्यांपैकी अधिक पायऱ्या अंधाऱ्या बाजूला खर्च केल्या आहेत. संख्येचे प्रकाशात रूपांतर करताना साधारणपणे २.२ घातांकाचा नियम लागू पडतो. ०.५ चा २.२ वा घात काढा, उत्तर ०.२२ च्या आसपास येईल. प्रत्यक्षातील सूत्र किंचित वेगळे आहे आणि त्याने ०.२१४ येते.

पटत नसेल तर करून पाहा. चित्रे काढण्याच्या कोणत्याही कार्यक्रमात एक-एक पिक्सेल जाडीच्या काळ्या आणि पांढऱ्या आडव्या रेघा आलटून पालटून काढा. शेजारी (१२८, १२८, १२८) चा राखाडी चौकोन काढा. चित्र मोठे किंवा लहान न करता मूळ आकारात ठेवा आणि पाच-सहा पावले मागे जाऊन पाहा. रेघांचा भाग खरोखर निम्मा प्रकाश देतो, म्हणून तो राखाडीपेक्षा चांगलाच उजळ दिसेल. राखाडीची संख्या वाढवत नेली की १८८ च्या जवळपास दोन्ही सारखे दिसतात.

ब्राउझर थरांची सरासरी काढतो ती सहसा या संख्यांची, प्रकाशाची नव्हे. त्यामुळे ०.३ अल्फाची पांढरी पट्टी काळ्या कड्यावर ३० टक्के प्रकाश देईल असे समजलात तर फसाल. ती देते अवघा ७.३ टक्के.

अक्षर वाचता येईल का?

अक्षर वाचता येणे हे त्याच्या आणि पार्श्वभूमीच्या तेजांतील भेदावर अवलंबून असते. हा भेद मोजण्याचे एक सूत्र वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या २००८ च्या मार्गदर्शक नियमांत दिलेले आहे. पूर्ण पांढऱ्याचे तेज १ आणि काळ्याचे ० मानायचे. उजळ भागाच्या तेजात ०.०५ मिळवायचे, गडद भागाच्या तेजातही ०.०५ मिळवायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. पांढऱ्यावर काळे असेल तर १.०५ ÷ ०.०५ = २१. हा सर्वांत मोठा तेजोभेद. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी तो निदान ४.५ असावा असे नियम सांगतात. ज्यांची दृष्टी सुमारे ६/१२ आहे अशांनाही वाचता यावे, हा हिशेब त्यामागे आहे. म्हणजे सामान्य डोळ्याला १२ मीटरवरून वाचता येणारे अक्षर ज्यांना ६ मीटरवर यावे लागते तेव्हा दिसते, त्यांच्यासाठी.

काळ्या चित्रावर पांढरा थर आणि त्यावर काळी अक्षरे घेतली, तर निरनिराळ्या अल्फांसाठी असे आकडे येतात:

अल्फा ०.३ : प्रकाश ७.३ टक्के, तेजोभेद २.५
अल्फा ०.५ : प्रकाश २१.४ टक्के, तेजोभेद ५.३
अल्फा ०.७ : प्रकाश ४४.८ टक्के, तेजोभेद १०
अल्फा ०.९ : प्रकाश ७८.७ टक्के, तेजोभेद १६.७

आमच्या पट्टीवर ढगापाशी तेजोभेद २१ होता आणि कड्यापाशी २.५. पाचांपैकी दोनच खुणा का दिसल्या ते आता कळले ना?

या आकड्यांतून एक कामाचा नियम मिळतो. पांढऱ्या थरावर काळी अक्षरे असतील तर खालचे चित्र काळे असणे ही सर्वांत वाईट स्थिती. तेथेही ०.५ अल्फाला ५.३ मिळतात. म्हणजे अल्फा ०.५ ठेवला की मग चित्र कोणतेही असो, संगणकासमोर बसणाऱ्याला अक्षर वाचता येईल. उलट काळा थर आणि पांढरी अक्षरे असतील तर वाईट स्थिती पांढऱ्या चित्राची. तेथे ०.५ अल्फाला १.०५ ÷ ०.२६४, म्हणजे जेमतेम ४ मिळतात. तेवढे पुरत नाही. ०.६ घेतला तर ५.७ मिळतात. काळ्या आणि पांढऱ्यासाठी नियम वेगळे का, हे मागील परिच्छेदातील ‘निम्म्या’च्या गमतीवरून तुम्हीच सांगा.

वर्गातील उजेड

सूत्रातील ते ०.०५ कशासाठी? खोलीतला थोडा उजेड पडद्यावर पडतो आणि परावर्तित होऊन डोळ्याकडे येतो. तो उजळ भागात मिसळतो तसाच काळ्या भागातही मिसळतो. त्या उसन्या उजेडाची ही भर आहे.

घरी ती ०.०५ धरली तर चालते. पण वर्गात प्रक्षेपक लावला की खिडक्यांचा उजेड थेट पांढऱ्या पडद्यावर पडतो. प्रक्षेपकाला काळा रंग टाकता येत नाही. तो फक्त प्रकाश पाठवत नाही एवढेच. म्हणून तेथे काळे म्हणजे खोलीचा उजेड! समजा, हा उजेड पांढऱ्याच्या २० टक्के आहे. मग सूत्रात ०.०५ च्या जागी ०.२ घालू. पूर्ण पांढऱ्या पट्टीवरही तेजोभेद १.२ ÷ ०.२ = ६ एवढाच उरतो. ०.५ अल्फाला तो २.१ होतो आणि आमच्या ०.३ ला अवघा १.४. त्या मुलीच्या चष्म्याचा काही दोष नव्हता. अशा उजेडात ४.५ गाठायचे तर अल्फा ०.९ लागतो; त्याने ४.९ मिळतात.

तुमची थीम करताना

फायरफॉक्सच्या मेनूत ‘ॲड-ऑन्स आणि थीम्स’ या ठिकाणी तयार थीम मिळतात. स्वतः लिहिलेली थीम तात्पुरती चढवून पाहण्याचीही सोय आहे. ब्राउझर बंद केला की ती निघून जाते, त्यामुळे बिघडण्याची भीती नाही. करताना एवढे लक्षात ठेवा.

एक, चित्र निवडताना त्यात एकाच वेळी अतिउजळ आणि अतिगडद भाग शेजारी शेजारी नसावेत. फायरफॉक्समध्ये न उघडलेल्या टॅबांची नावे तर थेट चित्रावरच येतात. त्यांना वाचवणारा थर मध्ये नसतो.

दोन, आधी अक्षरांचा रंग ठरवा, मग थराचा आणि शेवटी अल्फा. काळ्या अक्षरांना पांढरा थर ०.५ किंवा अधिक. पांढऱ्या अक्षरांना काळा थर ०.६ किंवा अधिक.

तीन, तपासणी चित्राच्या सर्वांत प्रतिकूल भागावर करा, सर्वांत सुंदर भागावर नव्हे.

चार, आपण स्वतः दीड फुटावरून पाहतो आणि कोणते नाव कोठे आहे हे आपल्याला पाठ असते. म्हणून ज्याला ते पाठ नाही, अशा माणसाला दुरून वाचायला सांगा.

आमच्या विद्यार्थ्याने हा सगळा हिशेब फळ्यावर स्वतः केला. घरच्या संगणकावर त्याने अल्फा ०.५ ठेवला, डोंगर तेथे अजूनही छान दिसतो. प्रयोगशाळेतील संगणकावर ०.९ केला. तेथे डोंगर आता धुक्यात गेल्यासारखा पुसट दिसतो. पण पुढच्या तासाला त्याने आपण होऊन तिसऱ्या बाकाकडे पाहून विचारले, “चौथी खूण कोणती?” आणि उत्तर लगेच आले.

विचार करा आणि सोडवा

१. ख = १०० असलेल्या राखाडी चित्रावर पांढरा थर अ = ०.४ ने दिला. पडद्यावर कोणती संख्या दिसेल?

२. अ = ०.२ चे किती पांढरे थर एकावर एक दिले म्हणजे खालच्या चित्राचा वाटा निम्म्यापेक्षा कमी होईल?

३. पिवळ्या (२५५, २५५, ०) रंगावर निळा (०, ०, २५५) थर अ = ०.५ ने दिला. कोणता रंग मिळेल? पिवळ्या कागदाकडे निळ्या जिलेटिनमधून पाहिले तर तोच रंग दिसेल का? प्रत्यक्ष करून पाहा.

४. तुमच्या वर्गातील प्रक्षेपकावर एकच मजकूर खिडक्या उघड्या ठेवून आणि बंद करून दाखवा. शेवटच्या बाकावरून वाचता येणारा सर्वांत कमी अल्फा दोन्ही वेळा शोधा आणि त्यांतील फरकाचे कारण लिहा.

(उत्तरे : १. १६२. २. चार, वाटा ०.४१ उरतो. ३. राखाडी, सुमारे (१२८, १२८, १२८).)